कानांचा हिशेब

जपानी भाषेत ‘ब्योओइन’ म्हणजे रुग्णालय आणि ‘बियोओइन’ म्हणजे केशभूषेचे दुकान. पहिल्या शब्दात चार मात्रा, दुसऱ्यात पाच. परदेशी मनुष्याची जीभ ‘ब्यो’वर किंचित रेंगाळली, तर पोटदुखीने कळवळणाऱ्या गृहस्थाला अत्यंत विनयाने केस कापावयास पाठविले जाण्याचा संभव आहे.

जपानी कान शब्द ओळखतो तो मात्रा मोजून. आपल्या छंदःशास्त्रात लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरतात. तसेच माप तेथे रोजच्या बोलण्यात चालते. हायकूचे 5-7-5 हेही त्याच मापाचे. ‘किते’ म्हणजे ये, ‘किइते’ म्हणजे ऐक आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. शेवटच्या शब्दात ‘त्ते’पूर्वीचा क्षणभराचा थांबाही एक पूर्ण मात्रा म्हणून जमा होतो. ‘न्’चेही तसेच.

ताकाशी ओताके, अ‍ॅन कटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. शब्द ऐकताना ‘तान्’ हा ध्वनी हेरावयाचा होता. ‘तान्शी’मध्ये तो श्रोत्यांना सापडला, ‘तानिशी’मध्ये मात्र बहुधा निसटला. वास्तविक त, आ, न् हे ध्वनी तेथेही ओळीने येतात. परंतु ‘नि’ ही अखंड मात्रा. तिच्यातून ‘न्’ सुटा काढणे जपानी कानाला रुचत नाही. अक्षरे जोडून वाचणाऱ्या मराठी माणसाला याचे फारसे नवल वाटू नये.

खरी अडचण स्वराच्या चढउताराची. तो मराठीत शब्दाचा अर्थ बदलत नाही. टोकियोत ‘आमे’ उंचावरून उतरले तर पाऊस, खालून चढले तर गोळी, म्हणजे खाण्याची! कटलर व ओताके यांना 1999 मध्ये असे आढळले, की शब्दाचा आरंभ कानी पडताच श्रोता त्या चढउताराच्या आधारे संभाव्य शब्दांची निवड करू लागतो.

मात्र हा चढउतार प्रांतागणिक बदलतो. मोत्यांच्या व्यापारानिमित्त भारतीय कुटुंबे, त्यांत जैनही, कोबे शहरी स्थायिक झाली. तेथील बोली ओसाकाच्या वळणाची. टोकियोत ‘हाशी’ उतरते म्हटले तर जेवणाच्या काड्या, चढते म्हटले तर पूल. ओसाकाकडे नेमके उलट. टोकियोचे पुस्तक पाठ करून कोबेला गेलेला नवखा जेवावयास बसतो आणि पूल मागतो. वाढणारा काड्याच आणून देतो. ताटासमोर बसून पूल कोण मागणार?