उंबरठ्याची उंची

मराठी साहित्याने उंबरठ्याला प्रतीक केले. त्याची उंची मात्र आपण सहसा मोजत नाही. मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात जुन्या घराचे उंच जोते, जड कडी-कोयंडा आणि उकिडवे बसण्याचा संडास यांच्याशी संधिवाताच्या रुग्णाची गाठ पडते ती भल्या सकाळी. आणि दाहक संधिवातात सांधे सर्वाधिक आखडलेले असतात तेही सकाळीच.

डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सुरू केलेल्या पाहणीत सांधे-स्नायूंचे दुखणे ही गावकऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार ठरली. तरीही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतरही, आपली सुगम्यतेची कल्पना बहुधा उतारापाशीच थांबते. चाकाच्या खुर्चीला उतार हवाच; पण सुजलेल्या बोटांना गोल मुठीऐवजी कोपराने दाबता येईल असा दांडा हवा, गुडघ्यांना उंच आसन हवे, भिंतीला कठडा हवा.

हे अपंगत्व नजरेस येत नाही, दिवसभरात कमी-अधिक होते. म्हणूनच ते आराखड्यातून निसटते. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत बांधण्यापूर्वी अशा एखाद्या रुग्णालाही विचारावे. दांड्याला आणि कठड्याला फारसा खर्च येत नाही. उणीव आहे ती विचारण्याची.