ते घर विठाबाईंचंही आहे

आपल्याकडे बायकांची सहल म्हटली की देवदर्शन आलंच. कोल्हापूरची अंबाबाई, नाहीतर पंढरपूर, नाहीतर गाणगापूर. त्यात वावगं काहीच नाही. घरातून दोन दिवस बाहेर पडायला देवाचं निमित्त लागतं, हे आपण सगळ्याच जाणतो. पण त्याच वाटेवर एखाद्या मोठ्या पुढाऱ्याचं गाव लागलं, तर 'ते राजकारण, आपल्याला काय त्याचं' असं म्हणून आपण गाडीतून खालीसुद्धा उतरत नाही. मैत्रिणींनो, मला वाटतं, तिथे उतरायलाच हवं.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. जवळच सागरेश्वराची जुनी देवळं. श्रावणी सोमवारी तिथे केवढी गर्दी असते! याच देवराष्ट्रेत १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, पुढे देशाचे संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी खाती सांभाळणारे मंत्री आणि १९७९ साली उपपंतप्रधान. एवढं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ, म्हणजे त्यांच्या आईचं, विठाबाईंचं माहेर. ते बाळंतपण फार अवघड गेलं. आईच्या जिवाची आशा उरली नव्हती. तेव्हा आजीनं सागरोबाला साकडं घातलं, 'मला यश दे.' बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली आणि त्या यशाची आठवण म्हणून नाव ठेवलं यशवंत.

आमच्या बचत गटातल्या बायकांना मी हे घर दाखवायला नेलं होतं. घर साधंच. पण बायकांचं बघणं वेगळं असतं. भिंतीवरच्या फोटोंपेक्षा त्यांचं लक्ष दुसरीकडेच. चूल कुठे असेल? पाणी कुठून आणत असतील? बाळंतिणीला कुठे ठेवलं असेल? मला हे प्रश्न फार आवडले. कारण ज्या घरात पुढारी जन्मतो, ते घर कुणीतरी सारवलेलं असतं, कुणाच्या तरी कष्टावर ते उभं असतं. पाटीवर मात्र नाव एकट्याचंच येतं.

यशवंत अगदी लहान असतानाच प्लेगनं वडील गेले. पदरात पोरं, हातात पैसा नाही आणि स्वतःला अक्षरओळख नाही. माहेरच्या आधारानं आणि काटकसरीनं विठाबाईंनी संसार रेटला, पण मुलाची शाळा सुटू दिली नाही. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकणारा हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीत पडला आणि १९३२ साली तुरुंगात गेला. आई भेटायला गेली. माफी मागितली तर सुटका होईल, असं सोबतच्या शिक्षकांनी सुचवलं. माफी मागायची नाही, असं त्या माउलीनं ठामपणे सांगितलं. शिकलेल्या माणसाला जे कळलं नाही, ते तिला कळलं होतं.

यशवंतरावांच्या पत्नी वेणूताई यांचंही तसंच. जून १९४२ मध्ये लग्न झालं आणि दोन महिन्यांत 'चले जाव'ची चळवळ पेटली. नवरा भूमिगत. हाताची हळद उतरते न उतरते तोच पोलिसांचा ससेमिरा. लग्नानंतरची पहिली संक्रांत, जेव्हा नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात, ती वेणूताईंच्या वाट्याला तुरुंगात आली. आज कराडला त्यांच्या नावाचं स्मारक आहे आणि यशवंतरावांची पुस्तकं तिथे जपलेली आहेत. त्यांचं 'विरंगुळा' हे घरही कराडलाच. आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी. देवराष्ट्रे ते कराड हा प्रवास एका दिवसात सहज होतो.

पण हे नुसतं बघून, फोटो काढून परत यायचं असेल, तर न गेलेलं बरं. यशवंतरावांनी मुख्यमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ केली. खेड्यापाड्यांतली किती मुलं त्या एका निर्णयामुळे कॉलेजपर्यंत पोचली! गरिबाघरी शाळा टिकवणं म्हणजे काय, हे त्यांनी आईच्या घरात पाहिलं होतं. घर बघायचं ते यासाठी.

आता आपल्या गल्लीत बघा. कुणाचा तरी कर्ता माणूस जातो. तेराव्याच्या आधीच सल्ले सुरू होतात. 'पोराला गॅरेजवर लाव, चार पैसे येतील.' 'पोरगी नववीत आहे ना? आता कशाला शाळा, स्थळ बघा.' हे सल्ले कोण देतं? बहुतेक वेळा आपणच बायका. मायेनं देतो, पण देतो. विठाबाईंच्या दारातही असं बोलणारं कुणी असेलच. त्यांनी ते मनावर घेतलं असतं तर?

आणि हो, विठाबाईंना जो आधार सरकारकडून मिळाला नाही, तो आज थोडाफार मिळू शकतो. आई किंवा वडील नसलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आता ती सावित्रीबाईंच्या नावानं ओळखली जाते. २०२३ साली तिची मदत मुलामागे महिना २२५० रुपये झाली. अठरा वर्षांपर्यंत ती मिळू शकते. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो. कागदपत्रांसाठी खेटे पडतात, हे खरं. दुःखात बुडालेल्या बाईला ते एकटीनं झेपत नाही. तिथेच तर आपली गरज आहे. कुणी मृत्यूचा दाखला काढायला सोबत जावं, कुणी शाळेतून बोनाफाईड आणावं, कुणी अर्ज भरून द्यावा. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावर आपण तासभर बोलतो. त्यातला अर्धा तास या कामाला दिला तरी एका पोरीची शाळा वाचेल.

तेव्हा पुढच्या श्रावणात सागरेश्वराला जाल, तर देवराष्ट्रेलाही जरूर जा. मुलींना बरोबर न्या. त्यांना यशवंतरावांची मंत्रिपदं सांगा, पण त्याआधी विठाबाईंचं नाव सांगा. आणि गावी परतल्यावर आपल्या वाडीवस्तीतली अशी एक तरी आई शोधा, जिच्या लेकराची शाळा सुटायच्या बेतात आहे. ती सुटू न देणं आपल्या हातात आहे.