रुईची माळ आणि आजींचा डोळा

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. आमच्या अलिबाग परिसरातील वाड्यांची फाटके बंद झाली. माझ्या जुन्या रुग्णांपैकी एक आजी तेव्हा घरी नातवासह होत्या. मधुमेहामुळे कुंपणाबाहेर जाण्यास मी त्यांना मनाई केली होती. आठवडाभरात त्यांचे जेवण कमी झाले, बोलणेही तुटक झाले.

नातवाने मग एक उपक्रम काढला. रोज परसातील एक वनस्पती आणायची, आजींच्या हाती, केसांत किंवा गळ्यात घालायची आणि छायाचित्र टिपायचे. अट एकच, त्या वनस्पतीविषयी आजींनी काही सांगायचे. छायाचित्र मलाही येत असे. कधी कानामागे सुरंगीचा गजरा, कधी मांडीवर सोनचाफ्याची ओंजळ. आजी पुन्हा वेळेवर जेवू लागल्या, कारण उद्याचे झाड आजच ठरवायचे असे.

माणूस आणि वनस्पती एका चित्रात आणण्याची ही ओढ जुनी आहे. सोळाव्या शतकातील आर्चिंबोल्दो हा इटालियन चित्रकार फळाफुलांतून मानवी चेहरे साकारत असे. आपल्याकडे भाद्रपदात तेरड्याच्या रोपांना मुखवटा बांधून गौर उभी केली जाते, तीही याच जातीची कल्पना नव्हे काय?

८ एप्रिलला हनुमान जयंती होती. मंदिरे बंद, म्हणून आजींनी घरीच रुईच्या पानांची माळ ओवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. "डॉक्टर, दुखत काहीच नाही हो, पण उजव्या डोळ्यासमोर धुके पडल्यासारखे वाटते."

मधुमेही व्यक्तीची दृष्टी अचानक अंधुक झाली, तर वैद्याच्या मनात पहिली शंका दृष्टिपटलाची येते. तितक्यात आदल्या दिवशीचे छायाचित्र मला आठवले. ते पुन्हा उघडले. गळ्यात रुईची माळ होती आणि बोटांवर पांढरा चीक वाळलेला होता. विचारल्यावर आजी म्हणाल्या, ओवताना घाम आला म्हणून त्याच हाताने डोळा पुसला होता.

रुईचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे स्वच्छमंडलाला, सूज येते. फसवणारी गोष्ट अशी की पुष्कळदा वेदना फारशा होत नाहीत. त्यामुळे रुग्ण दुर्लक्ष करतो. मी लगेच स्वच्छ पाण्याने डोळा धुण्यास सांगितले आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी दिलेल्या औषधाच्या थेंबांनी काही दिवसांत धुके विरले. उशीर झाला असता, तर हे सांगण्यास मी धजलो नसतो.

वाचकहो, हा छंद आपल्या घरीही अवश्य करावा, विशेषतः घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांसाठी. मात्र काही पथ्ये पाळावीत. रुई, शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यांपासून दूर ठेवावा. आंब्याचा चीक व काजूच्या टरफलाचे तेल त्वचा भाजते. पावसाळ्यात फुलणारी कळलावी दिसायला देखणी, परंतु तिचा कंद अत्यंत विषारी असतो. कण्हेर, पिवळी कण्हेर व धोतरा लहान मुलांच्या तोंडापर्यंत पोहोचू देऊ नयेत. पाने खुडल्यावर साबणाने हात धुवावेत. चीक डोळ्यात गेलाच, तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. मध, दूध, एरंडेल काहीही घालू नये, तडक नेत्रतज्ज्ञांना गाठावे. जाताना त्या वनस्पतीची फांदी किंवा छायाचित्र सोबत न्यावे. वैद्याचे अर्धे काम त्यानेच होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. आजींच्या परसातील सोनचाफा मुळासकट उन्मळला. आता तो फक्त छायाचित्रात आहे, आजींच्या मांडीवर. त्या पावसाळ्यात आजींनी नवे रोप लावून घेतले आणि त्याच्याशेजारी पहिले छायाचित्र काढवले, दोन्ही डोळे पूर्ण उघडे ठेवून.