काळी पुळण आणि स्फटिकांची विद्या

रत्नागिरीस सेमीकंडक्टरचा कारखाना उभारण्याची घोषणा २०२४ साली झाली, तेव्हा आंबा, मासळी आणि मुंबईची मनीऑर्डर यांवर पिढ्यान् पिढ्या काढलेल्या या जिल्ह्यास हर्ष व्हावा हे स्वाभाविकच होते. परंतु या उद्योगाचे मर्म कारखान्याच्या भिंतींत नसून अणूवर अणू रचण्याच्या विद्येत आहे, आणि तिचा विचार आमच्याकडे अभावानेच होतो.

काळबादेवी, मिऱ्या येथील पुळणीवर चमकणारी काळी रेती इल्मेनाइटची, म्हणजे लोह व टिटॅनियम यांच्या ऑक्साइडची होय. याच टिटॅनियमची बेरियम वा स्ट्राँशियम यांच्यासह होणारी ऑक्साइडे सिलिकॉनवर स्फटिकरूपाने चढविता आली, तर वीज व प्रकाश या दोहोंचे संदेश एकाच चकतीवर हाताळता येतात. अडचण अशी की, प्राणवायूचा स्पर्श होताच सिलिकॉनवर काचेसारखा विस्कळीत थर धरतो आणि त्यावर स्फटिकाची रांग लागत नाही. स्ट्राँशियम टिटॅनेटची जाळी ४५ अंशांनी वळवून बसविल्यास मापांत सुमारे १.७ टक्के तफावत उरते. पातळ थरास ती सोसते. पहिले पाच अणुथर कसे रचावेत, हे अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या मॅकी प्रभृतींनी १९९८ साली दाखवून दिले.

ही विद्या आम्हांस सर्वस्वी परकी नाही. लेसरच्या साहाय्याने ऑक्साइडांचे थर चढविण्याच्या क्षेत्रात पुण्याचे डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी नाव मिळविले आहे. आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर. तेथील शिवाजी विद्यापीठात द्रावणाच्या फवाऱ्याने ऑक्साइडांचे थर देण्याचे संशोधन दीर्घकाळ चालत आले आहे. (फवाऱ्याचा थर सामान्यतः अनेक बारीक स्फटिकांचा असतो, एकसंध स्फटिकाची गोष्ट निराळी.) मग रत्नागिरीच्या मुलाने काय करावे? कारखान्याच्या फाटकावर पहारा?

नुसती रेती उपसून विकावी, असे सुचविणारेही आहेत. त्यात किनारा खचेल आणि मोल दुसरीकडेच वाढेल. निर्वात पात्रे व लेसर महाग, खाऱ्या दमट हवेत ती सांभाळणे कठीण, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ते ओझे एकट्या महाविद्यालयाने उचलू नये. असा कोणताही कारखाना येथे येवो, त्यास जमीन व सवलती देतानाच स्थानिक प्रयोगशाळेचा आणि पुणे-कोल्हापूरच्या संशोधकांकडून येथील विद्यार्थ्यांना शिक्षण मिळण्याचा खर्च सरकारने करारात लिहून घ्यावा. सह्या झाल्यावर ही अट कोणी मान्य करणार नाही.