‘मुलींच्या सोयीसाठी’ लपवलेले पान

‘प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या गरजेपुरतेच दिसेल’, असे ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणाली बसवून देणारे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. प्राचार्य मान डोलावतात, विश्वस्त खूष होतात. माझा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. गरज ठरवली कोणी? आणि ‘त्याच्या’ म्हणताना ‘तिच्या’ गरजेचा हिशेब कोणी मांडला, तिला विचारून मांडला का?

मैत्रिणींनो, हा विषय संगणकवाल्यांचा आहे म्हणून बाजूला सारू नका. अनेक महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या मूडल या प्रणालीचे उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातले मार्टिन डुगियामस यांनी ती तयार केली, २००२ साली तिची पहिली आवृत्ती बाहेर आली. ती फुकट आहे, आतली रचना खुली आहे, त्यामुळे लहान संस्थांनाही परवडते. माझे तिच्याशी वैर नाही. पण ती चालते कशी हे समजून घ्यायला हवे. शिक्षक वर्गाचे गट पाडू शकतात. कोणत्याही धड्याला, सूचनेला, चाचणीला अट लावू शकतात: अमुक तारखेनंतर उघडेल, अमुक गुण मिळाले तर उघडेल, अमुक गटालाच उघडेल. प्रत्येक अटीशेजारी डोळ्याचे एक छोटे चिन्ह असते. डोळा उघडा ठेवला तर विद्यार्थिनीला त्या धड्याचे नाव फिकट अक्षरांत दिसते आणि तो का बंद आहे तेही वाचता येते. डोळा मिटला तर तिच्यापुरती ती गोष्ट अस्तित्वातच नसते. बंद दार दिसले तर माणूस निदान ठोठावतो. नुसती भिंत दिसली तर इथे दार होते हे तिला कळणार कसे?

हा डोळा कसा मिटला जातो ते मी एका तंत्रनिकेतनात पाहिले. संस्थेचे नाव इथे देत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. वर्गातल्या एका मुलाने याच प्रणालीतून एका मुलीला घाणेरडे संदेश पाठवले. तक्रार झाली. चौकशी व्हायला हवी होती, मुलाला जाब विचारायला हवा होता. त्याऐवजी ‘मुलींच्या सुरक्षिततेसाठी’ मुलींचा वेगळा गट केला गेला आणि गट एकमेकांना दिसणार नाहीत अशी व्यवस्था झाली. गुन्हा एका मुलाचा, कुंपण साऱ्या मुलींना! पुढे एका कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारीची सूचना आली. काम पाळ्यांमध्ये होते. ‘मुलींचे पालक काही पाठवणार नाहीत’ असे सरांनी मनाशी ठरवले आणि सूचना फक्त मुलांच्या गटाला लावली. डोळा मिटून. मुलींना कळले तेव्हा अर्जाची मुदत संपली होती.

मुली प्राचार्यांकडे गेल्या. उत्तर मिळाले, ‘सूचना लावली होती, तुम्ही पाहिली नाहीत.’ आता सिद्ध काय करणार? प्रत्येकीच्या फोनवर तिचे स्वतःचेच पान, आणि त्या पानावर काहीच नाही. ‘काहीच नाही’ याचा पुरावा कसा दाखवायचा? शेवटी वर्गातल्याच एका मुलाने आपला फोन मुलीच्या फोनशेजारी टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे सरांचा आवाज खाली आला. आणि गंमत अशी की कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ही प्रणाली स्वतःच ठेवत असते. पण ती नोंदवही उघडण्याचा अधिकार शिक्षक आणि प्रशासकांकडेच. मुलींनी मागितली तर ‘ते तांत्रिक असते’ म्हणून बोळवण.

मुलींनी काय पाहावे हे दुसऱ्यांनी ठरवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल, आपली हुजूरपागा, निघाले. पुढे टिळकांच्या ‘केसरी’ने त्याच्या अभ्यासक्रमावर झोड उठवली. मुलींना संसाराला उपयोगी पडेल तेवढेच शिकवा, शाळेच्या वेळा घरकामाच्या आड येऊ देऊ नका, असा एकूण सूर. तोही ‘गरजेपुरते’ हाच युक्तिवाद होता! फरक एवढाच की तो छापून आला होता, चारचौघांत होता, म्हणून त्याला चारचौघांत उत्तर देता आले. आपल्या चळवळीने पाठ्यपुस्तकांवर इतकी वर्षे बोट ठेवले ते कशाच्या जोरावर? पुस्तक साऱ्यांच्या हातात एकच होते म्हणून. आई चुलीपाशी आणि बाबा वर्तमानपत्र वाचताना, हे चित्र असलेले पान उघडून आपण शिबिरात धरू शकत होतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात घरकाम वाटून घेणारे स्त्री-पुरुष दिसले, ते आभाळातून पडले नाहीत. आता प्रत्येकीच्या हातात निराळे पान आहे. मुलाच्या पानावर काय आहे ते मुलीला ठाऊक नाही, मुलीच्या पानावरून काय गाळले ते मुलाला ठाऊक नाही. इतका सोयीचा भेदभाव पुरुषप्रधान व्यवस्थेला याआधी कधी मिळाला नव्हता.

‘पण शिक्षकांना विद्यार्थ्याच्या नजरेने पान पाहता येते की’, असे मला एका प्राध्यापकांनी ऐकवले. येते. शिक्षक घटकाभर ‘विद्यार्थी’ या भूमिकेत जाऊ शकतात. पण तो विद्यार्थी म्हणजे एक कोरा पुतळा. त्याला ना गट, ना लिंग, ना जात. मुलींच्या गटातल्या अमुक मुलीला काय दिसते ते त्यातून कळत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. तिला काय दिसते याची इतकी राखण होते, पण तिचे काय दिसते? वर्गातल्या सर्वांची यादी विद्यार्थ्यांना सहसा उघडीच असते. तिचे नाव, तिने लावला असेल तर फोटो, संस्थेने मूळ मांडणी कशी ठेवली आहे त्यानुसार ईमेलचा पत्ता, शेवटची कधी येऊन गेली ती वेळ. ‘रात्री एक वाजता काय करत होतीस?’ हा प्रश्न विचारायला कुणाला एवढे पुरते. या गोष्टी झाकण्याची सोय प्रणालीत आहे, प्रशासकाने काही खुणा बदलायच्या असतात. पण तिथे कुणाला सुरक्षितता आठवत नाही! नोकरीची सूचना झाकायला हात तत्पर, पत्ता झाकायला हात जड.

आणि विद्यार्थिनीच्या स्वतःच्या हातात काय उरते? आवडत्या अभ्यासक्रमावर चांदणी लावणे, नको असलेला नजरेआड करणे आणि आपल्या माहितीतल्या दोन-चार गोष्टी बदलणे. तेही कुणी तिला दाखवून दिले तर. ज्या घरात फोन एकच आहे आणि तो भावाच्या खिशात असतो, तिथे तेवढेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. म्हणजे पान तिच्या नावाचे असले तरी तिच्याआधी ते कोण उघडते, हा प्रश्न आहेच.

आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, पडदा ज्याला-त्याला वेगळा दाखवणे मुळात वाईट आहे का? मुळीच नाही. अंध मुलीला ऐकू येणारा धडा हवा. महागडा डेटा परवडत नाही तिला चित्रफितीऐवजी मजकूर हवा. बाळंत झालेल्या मुलीला स्वाध्यायाची मुदत वाढवून हवी, आणि एकटीपुरती मुदत वाढवण्याची सोय मूडलमध्ये आहे. हे सगळे मागा, हट्टाने मागा. पण यात ती मागते आणि तिला मिळते. तंत्रनिकेतनात मागितले कुणी नव्हते. तिच्या वतीने दुसऱ्याने ठरवले आणि तिला पत्ता लागू दिला नाही. या दोन गोष्टींना एकाच ‘सोय’ या शब्दात बसवणे ही शुद्ध लबाडी आहे.

म्हणून मागणी स्पष्ट करायला हवी. नोकरी, शिष्यवृत्ती, परीक्षा, वसतिगृह यांबद्दलची कोणतीही सूचना मुलगा-मुलगी पाहून लावता कामा नये. गटाची अट लावायचीच असेल तर डोळा उघडा राहिला पाहिजे, कारण वाचता आले पाहिजे. सर्वांची यादी आणि पत्ते मुळातच झाकलेले असावेत, जिला दाखवायचे ती दाखवील. १९९७ च्या विशाखा निकालानंतरही महाविद्यालये वर्षानुवर्षे ढिम्म होती. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने लैंगिक छळाविरुद्धचे २०१५ चे विनियम काढले. त्यांत अंतर्गत तक्रार समिती सक्तीची आहे, आणि विद्यार्थ्यांचा संबंध असेल तर समितीवर तीन निवडलेले विद्यार्थी घ्यावे लागतात. या समितीची नावे आणि फोन नंबर प्रत्येकीच्या पहिल्या पानावर वरच दिसू द्या, कुठल्याही गटाला, कुठल्याही अटीने न झाकता. आणि त्या विद्यार्थी-प्रतिनिधींना दर सत्रात मांडणीची नोंदवही पाहू द्या. ‘तांत्रिक आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. बँकेचा व्यवहार तांत्रिक आहे म्हणून बचत गटाच्या बायकांनी पासबुक बघायचे सोडले नाही.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातल्या एका तरी महाविद्यालयात जाऊन एवढे करावे. एकाच वर्गातल्या दोन मुली आणि दोन मुलगे बोलवा, चार फोन टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा, आणि कोणाच्या पानावर काय नाही ते कागदावर उतरवून घेऊन या.