समुद्राच्या मिठाचा हिशेब

नागपूर समुद्रापासून दूर आहे. म्हणून सागरी संरक्षणाशी विदर्भाचा संबंध नाही, असा समज रूढ आहे. भूगोल निराळे सांगतो. नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि महानदीही तेथेच विसर्जित होतात. परिणामी अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार असताना, पावसाळ्यानंतर उत्तर उपसागराच्या पृष्ठभागी ते ३० ग्रॅमच्याही खाली उतरतात.

पाणबुडीच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गातील पाणबुडीचा पाण्याखालील भार सुमारे पावणेअठराशे टन. क्षारता पाच ग्रॅमने घटली, तर तिला उचलून धरणारे बळ सहा टनांहून अधिक कमी होते. टाक्यांतील पाणी वेळीच उपसले नाही, तर ती खाली जाऊ लागते.

ध्वनीचेही तसेच. गोड्या पाण्याचा हलका थर खालच्या खाऱ्या पाण्यात सहजी मिसळत नाही. क्षारता आणि तापमान बदलते तेथे ध्वनीचा मार्ग वाकतो. पाण्यातील मॅग्नेशियम सल्फेट व बोरिक आम्ल तो शोषूनही घेतात. शत्रूची पाणबुडी सोनारला सापडेल की जवळ असूनही निसटेल, हे यावर ठरते. जो पाणी जाणतो, त्यालाच समुद्र आडोसा देतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनचे ‘शी यान ६’ हे संशोधन जहाज कोलंबो बंदरात आले, तेव्हा भारतात व्यक्त झालेली चिंता म्हणूनच अनाठायी नव्हती. हवामानाच्या अभ्यासाला उपयोगी पडणारी क्षारतेची नोंद पाणबुडीलाही तितकीच उपयोगी पडते.

मात्र केवळ आक्षेप घेऊन भागणार नाही. २०१७ ते २०२५ या काळात या वर्गाच्या सहा पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोचीची संरक्षण प्रयोगशाळा यांच्या मोजणीवाचून ते पोलाद आंधळे आहे. प्रत्येक पावसाळा समुद्राचा नकाशा नव्याने लिहितो. म्हणून ही मोजणी अखंड चालली पाहिजे, आणि तिच्यासाठीची तरतूद जहाजबांधणीतून उरलेल्या पैशांवर अवलंबून राहता कामा नये.

या सहांपैकी एकीचे नाव ‘खांदेरी’ आहे. १६७९ मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने त्या बेटावर तट उभा राहत असताना इंग्रजांची जहाजे मोठी होती. उथळ पाण्याची जाण मात्र मराठ्यांच्या लहान होड्यांना होती. बेट मराठ्यांकडेच राहिले. त्या नावाचा खरा वारसा आपल्या पाण्याचे ज्ञान आपल्या हाती ठेवणे हाच आहे.