६८ हजार शब्दांचा पहारेकरी

सन १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचेही ताट मांडावयाचे ही जी रीत घालून दिली, ती मराठी घरांतून अद्याप मोडलेली नाही. त्याच साली, येथून हजारो कोस दूर, द्नीप्रो नदीकाठच्या कीव्ह शहरात, क्षयाने पोखरलेल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने युक्रेनी भाषेच्या कोशाचा चौथा आणि अखेरचा खंड छापून पुरा केला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु अंकाची शेवटची मुद्रिते तपासताना आमच्या मनात त्या शेजारी शेजारी येऊन बसल्या. आमच्या पूर्वसूरींनी सरकारची अवकृपा पुष्कळ सोसली, जामीन भरले, तुरुंग भोगले. पण मराठी नावाची भाषाच अस्तित्वात नाही, असे फर्मान त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. कीव्हचे ते कोशकार बोरीस ह्रिन्चेन्को यांच्या वाट्यास ते जन्माच्या वर्षीच आले.

१८६३ च्या उन्हाळ्यात रशियाचे गृहमंत्री वालुयेव यांनी गुप्त परिपत्रक काढून सामान्य जनांसाठीची युक्रेनी पुस्तके छापण्यास मनाई केली. स्वतंत्र अशी ही भाषा नाहीच, असा त्यामागचा दावा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस खार्किव्ह इलाख्यातील एका वस्तीवर, परिस्थिती खालावलेल्या एका सरदारी घराण्यात, ह्रिन्चेन्को जन्मले. घरात बोलणे रशियन. युक्रेनी ही शेतावरच्या माणसांशी बोलावयाची. तेराव्या वर्षाच्या सुमारास कवी शेव्चेन्कोंचा ‘कोबझार’ हा काव्यसंग्रह हाती पडला आणि शेतकऱ्यांची ती भाषा हीच आपली भाषा, असा निश्चय या मुलाने केला. नेमक्या त्याच काळात, १८७६ साली, झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीतील एम्स येथे विश्रांतीस गेला असता त्याने आणखी एका हुकुमावर सही केली. त्या हुकुमाने युक्रेनी पुस्तके बाहेरून आणणे बंद झाले, भाषांतरे बंद झाली, रंगभूमीवरचे प्रयोग बंद झाले; फार काय, संगीताच्या स्वरलिपीखाली युक्रेनी शब्द छापण्याचीही मनाई झाली.

१८७९ च्या डिसेंबरात, सोळाव्या वर्षी, बेकायदा पुस्तके बाळगल्यावरून ह्रिन्चेन्कोंना अटक झाली. कोठडीतील काही आठवड्यांनी शाळा तर संपवलीच, शिवाय जन्मभर न सुटणारा क्षय पदरी बांधला. पुढे कारकुनी करीत त्यांनी शिक्षकाची परीक्षा दिली आणि १८८१ पासून सुमारे बारा वर्षे खेड्यापाड्यांच्या शाळांतून शिकविले. यांतील शेवटची सहा वर्षे ख्रिस्तिना आल्चेव्स्का या शिक्षणप्रेमी बाईंनी ओलेक्सीयिव्का गावी चालविलेल्या शाळेत गेली. पत्नी मारिया याही शिक्षिका. ‘झाहिर्न्या’ या नावाने त्यांनी पुढे पुष्कळ लेखन व भाषांतरे केली. शाळेत शिकवायचे ते कायद्याने रशियनमधून. संध्याकाळी मात्र हे जोडपे गावकऱ्यांना युक्रेनी पुस्तके मोठ्याने वाचून दाखवी, आणि ऐकणारे काय बोलतात तेही टिपून ठेवी. आपल्या नास्त्या या मुलीस अक्षरओळख मातृभाषेतून व्हावी, तर बाजारात तशी अंकलिपीच नव्हती. बापाने ती हाताने लिहून काढली. छापील रूपाने ती निघावयास १९०७ साल उजाडावे लागले.

या काळातील त्यांची ‘चोरली’ ही छोटी कथा आम्हांस त्यांच्या मोठ्या कादंबऱ्यांहून अधिक मोलाची वाटते. वर्गातील ओलेक्सांद्रा नावाची मुलगी दुसऱ्याची भाकरी चोरताना सापडते. मुले तिच्यावर तुटून पडतात. बाप दारूत सारे उडवितो, घरी खायला काही नाही, हे रडत रडत बाहेर येते, आणि शिक्षक वर्गालाच तिला क्षमा करण्याच्या वाटेवर आणून सोडतो. तीत उपदेश नाही, वर्णनाचा फुलोरा नाही. वर्गात उभे राहून ज्याने उपाशी मुलांची तोंडे पाहिली आहेत, त्यालाच असे लिहिता येते.

१८९४ मध्ये ते चेर्निहिव्हला ‘झेम्स्त्वो’त, म्हणजे आपल्याकडील पूर्वीच्या लोकल बोर्डासारख्या संस्थेत, नोकरीस लागले. दिवसा दफ्तरातील आकडेमोड आणि रात्री, सेन्सॉरच्या मंजुरीसाठी अर्जांमागून अर्ज करीत, काही कोपेकांत मिळणाऱ्या लोकोपयोगी पुस्तिका, असा क्रम आठ वर्षे चालला. अशा सुमारे पन्नास पुस्तिका निघाल्या. त्यांत मेघगर्जना व वीज यांविषयी स्वतः ह्रिन्चेन्कोंनी लिहिलेली एक आहे. आकाशात वीज का चमकते हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगणे ही ज्या राज्यात सरकारच्या मर्जीची बाब होते, त्या राज्याविषयी अधिक काही लिहिण्याची आवश्यकता नाही.

त्यांच्याशी मतभेद असणारेही थोर होते. परदेशी विजनवासात असलेले युक्रेनी विचारवंत मिखाइलो द्राहोमानोव्ह यांच्याशी १८९२-९३ मध्ये त्यांचा गाजलेला लेखी वाद झाला. रशियन सत्तेखालील आपल्या देशात ज्याचे छापणे शक्य नव्हते, ते ह्रिन्चेन्कोंनी ऑस्ट्रियाच्या अमलाखालील चेर्निव्ह्त्सी येथील ‘बुकोविना’ पत्रात ‘वार्तोवी’, म्हणजे पहारेकरी, या टोपणनावाने छापले. सुशिक्षितांनी परभाषेची चाकरी सोडून स्वभाषेत कार्य करावे, हे त्यांचे म्हणणे. तर राष्ट्राभिमान संकुचित होऊ नये, हा द्राहोमानोव्हांचा इशारा. द्राहोमानोव्हांची दृष्टी अधिक विशाल होती, हे आम्ही नि:संकोच मान्य करतो. तथापि ज्या मुलास धडाच समजत नाही त्याच्यापर्यंत कोणतीही विशालता पोहोचत नाही, ही गोष्ट त्या खेड्यातील मास्तरास अधिक जवळून दिसत होती, आणि म्हणून आमचे मत त्यांच्याच बाजूस झुकते.

१९०२ मध्ये ते कीव्हला आले ते कोशासाठी. ‘कीव्हस्काया स्तारिना’ या मासिकाच्या मंडळीने वर्षानुवर्षे गोळा केलेले शब्द चिठ्ठ्याचपाट्यांच्या रूपाने पडून होते. ते ह्रिन्चेन्कोंच्या स्वाधीन झाले. त्यांत त्यांनी स्वतःच्या संग्रहाची मोठी भर घातली आणि दोन-अडीच वर्षांत सुमारे ६८ हजार शब्दांची व्यवस्था लावली. प्रत्येक शब्दावर आघातचिन्ह, रशियन अर्थ, लोकगीतातील किंवा ग्रंथातील वापर, वनस्पती-प्राण्यांची लॅटिन नावे. आणि लोकांच्या तोंडून आलेल्या शब्दापुढे तो कोणत्या तालुक्यात ऐकला त्याची नोंद. ‘ल्यूश्न्या’ हाच शब्द पाहा: शेतगाडीच्या आखावर एक टोक बसवून गाडीची बाजू तोलून धरणारे ते वाकडे लाकूड. आमच्या शेतकऱ्याच्या गाडीला जशी आख, जू, शिवळ, धुरी आहे, तशी त्याच्या गाडीच्या प्रत्येक अवयवाला नाव होते. तसेच मागाला, तसेच गिरणीला. ज्या भाषेला सरकारदरबारी अस्तित्व नव्हते, त्या भाषेतील गाडीच्या लाकडालासुद्धा या माणसाने तालुक्यासह साक्षीला उभे केले. फर्मानाला इतके सविस्तर उत्तर आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

कोशाचे खंड १९०७ ते १९०९ या काळात निघाले. १९०५ च्या उठावानंतर बंधने सैल झाली होती. ह्रिन्चेन्कोंनी युक्रेनी वृत्तपत्राचे संपादन केले आणि कीव्हच्या ‘प्रोस्विता’ या लोकशिक्षण संस्थेचे अध्यक्षपदही सांभाळले. परंतु हाताने लिहिलेल्या अंकलिपीवर जी अक्षरे शिकली, ती नास्त्या क्रांतिकारकांत मिळाली, तुरुंगात गेली, तेथेच बापाच्या रोगाने तिला गाठले, आणि १९०८ साली चोविसाव्या वर्षी ती गेली. तिचे तान्हे मूलही फार जगले नाही. कोशाचे उरलेले काम या घरात झाले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हवापालटासाठी ते इटलीत ओस्पेदालेत्ती येथे गेले आणि १९१० च्या मे महिन्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तेथेच वारले. देह कीव्हला आणून बायकोव्ह स्मशानभूमीत पुरला. त्याच वर्षी सरकारने ‘प्रोस्विता’ही बंद केली. कोश मात्र आजही युक्रेनी अभ्यासकाच्या टेबलावर आहे.

या अंकातील कथा-कविता वाचकांनी सवडीने वाचाव्यात; त्या कोठे पळून जात नाहीत. परंतु दिवाळीला घरी गेल्यावर आजीच्या, आत्याच्या, शेतावरच्या गड्याच्या तोंडून जो शब्द आता आपल्या मुलांना कळेनासा झाला आहे, तो तेवढा, गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह, एका वहीत उतरवून ठेवावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.